चौदा वर्षे परमुलखात

सातारा शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी वसले आहे. शहरात छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या वेळचा जुना राजवाडा आहे. पुढे या वाड्यात सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर नावाचा एक मुलगा या शाळेत दाखल झाला, हे तुम्ही ऐकले असेल. आज या शाळेला प्रतापसिंह महाराजांचेच नाव आहे. पण या पाठात आपण महाराजांची नव्हे, तर त्यांच्या एका सेवकाची हकिकत वाचणार आहोत. आपल्या धन्याचे गाऱ्हाणे घेऊन हा माणूस सात समुद्र ओलांडून लंडनला गेला आणि तेथे चौदा वर्षे राहिला. त्याचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

रंगो बापूजी हे साताऱ्याच्या दरबारातील वकील होते. वकील हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. आज वकील म्हटले की काळा कोट आणि कोर्टकचेरी डोळ्यांसमोर येते. त्या काळी मात्र राजाच्या वतीने परक्या दरबारात जाऊन बोलणाऱ्या माणसाला वकील म्हणत. अर्ज, खलिता, तह, दस्तऐवज, फिर्याद असे कितीतरी शब्द या वकिलांच्या रोजच्या कामात येत. हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. या पाठात ते तुम्हांला वारंवार भेटतील.

रंगो बापूजींचे घराणे जुने होते. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या साथीदारांपैकी रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू हे त्यांचे पूर्वज. राजाची सेवा या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. फक्त रंगो बापूजींच्या वाट्याला आलेली सेवा वेगळी होती. त्यांना तलवार चालवायची नव्हती, कागद चालवायचे होते.

हे कागदांचे प्रकरण काय होते, ते आधी पाहिले पाहिजे.

१८१८ मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली. त्या वेळी शिवाजी महाराजांचे वंशज प्रतापसिंह यांना त्यांनी साताऱ्याच्या गादीवर बसवले. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने महाराजांशी तह केला. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा पुष्कळसा भाग त्या राज्यात होता. हे दोन जिल्हे फार पुढे, १९४९ मध्ये, वेगळे झाले. सांगलीला तर १९६० पर्यंत दक्षिण सातारा असेच म्हणत. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड करत सांगलीला जाते. तिच्या काठची कितीतरी गावे साताऱ्याच्या राजाला आपला राजा मानत होती.

तहात एक कलम फार कडक होते. कंपनीच्या रेसिडेंटला विचारल्याशिवाय महाराजांनी बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही, असे ते कलम होते. रेसिडेंट म्हणजे दरबारात राहणारा कंपनीचा अधिकारी. राज्य महाराजांचे, पण दाराची कडी रेसिडेंटच्या हाती, असा तो प्रकार होता.

पहिली काही वर्षे बरी गेली. महाराज कामसू होते. त्यांनी शहरात रुंद रस्ते केले, यवतेश्वरच्या डोंगरावरून पाणी आणले, शाळा काढली, छापखाना घातला. पुढे जहागिरींवरून भांडण सुरू झाले. साताऱ्याच्या राज्यात सहा मोठे जहागीरदार होते : भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरे. यांपैकी एखादा जहागीरदार निपुत्रिक वारला तर त्याची जहागीर कोणाची, महाराजांची की कंपनीची, हा प्रश्न होता. लंडनमधील कंपनीच्या संचालकांनी महाराजांच्या बाजूने कौल दिला. पण तो निकाल मुंबई सरकारने महाराजांना कळवलाच नाही. महाराज वाट पाहत राहिले. मग त्यांनी थेट लंडनलाच दाद मागायचे ठरवले. मुंबईच्या साहेबांना हे मुळीच आवडले नाही.

१८३६ मध्ये महाराजांवर एक भयंकर आरोप आला. त्यांनी कंपनीच्या फौजेतील दोन देशी सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न केला, असे सांगण्यात आले. मग आणखी दोन आरोप त्यात मिळवण्यात आले. महाराज गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधून आहेत आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीही त्यांचा पत्रव्यवहार आहे, असे ते आरोप होते. चौकशी झाली, पण ती गुप्तपणे झाली. आपल्याविरुद्ध कोणी काय सांगितले आणि कोणते कागद पुढे आले, हे महाराजांना नीट कळूही दिले नाही. पोर्तुगीज महाराजांसाठी मोठी फौज आणणार होते असे त्या कागदांत होते. गोव्यासारख्या छोट्या मुलखाला एवढी फौज पोसता तरी आली असती का, हा साधा प्रश्न चौकशी करणाऱ्यांना पडला नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आले. त्यांनी महाराजांपुढे एक कागद ठेवला. त्यावर सही केली तर मागचे सगळे माफ होणार होते आणि गादी कायम राहणार होती. पण त्या कागदावर सही करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होते. महाराजांनी सही केली नाही. त्यांनी होय म्हटले असते तर ही हकिकत येथेच संपली असती आणि रंगो बापूजी हे नाव आपल्याला माहीतही झाले नसते.

सप्टेंबरच्या पाच तारखेला अपरात्री रेसिडेंट ओव्हन्स शिपाई घेऊन वाड्यात शिरला. महाराजांना पालखीत बसवून साताऱ्याजवळच्या लिंब गावी नेण्यात आले. तेथून त्यांची रवानगी काशीला झाली. वाटेत त्यांचे सेनापती बाळासाहेब भोसले यांचा मृत्यू झाला. गादीवर महाराजांचे धाकटे भाऊ आप्पासाहेब यांना बसवण्यात आले.

आता महाराजांची बाजू मांडणार कोण? आणि कोठे? मुंबईत दाद लागत नव्हती, कलकत्त्यात लागत नव्हती. उरले लंडन. तेथे कंपनीचे संचालक होते आणि त्यांच्याही वर इंग्लंडची पार्लमेंट होती.

त्या काळी आपल्याकडून विलायतेला जाणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणे कठीण आहे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये झाला. त्याआधी जाण्याच्या दोन वाटा होत्या. एक वाट आफ्रिकेला वळसा घालून जाई. शिडाच्या जहाजाने त्या वाटेवर चार-पाच महिने सहज लागत. वारा पडला की जहाज जागच्या जागी उभे राही आणि वादळ झाले की देवाचा धावा करायचा. दुसरी वाट जवळची, पण तुकड्यातुकड्यांची होती. मुंबईहून आगबोटीने तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत जायचे. तेथे उतरून उंटावर किंवा गाडीत बसून वाळवंट ओलांडायचे आणि कैरो गाठायचे. मग नाईल नदीतून अलेक्झांड्रियाला जायचे आणि तेथे दुसरी बोट पकडायची. एका ठिकाणी उशीर झाला की पुढची बोट चुकली, आणि बोट चुकली की परक्या गावात पंधरा दिवस ताटकळत बसायचे. या वाटेनेही दीड-दोन महिने जात.

त्यात समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी हिंदू समाजात समजूत होती. परत आलेल्या माणसाला जातीत घेण्यापूर्वी प्रायश्चित्त घ्यावे लागे. म्हणून फार थोडे लोक हे धाडस करत. राघोबादादा पेशव्यांनी १७८१ मध्ये हणमंतराव नावाचे वकील लंडनला पाठवले होते. दिल्लीच्या बादशहाची फिर्याद घेऊन राजा राममोहन रॉय १८३० मध्ये निघाले. बादशहाचा तनखा थोडा वाढला, पण रॉय परत आले नाहीत. १८३३ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल शहरात त्यांचा मृत्यू झाला.

हे सर्व ठाऊक असताना रंगो बापूजी निघाले. घरी बायको होती, मुलगा सीताराम होता. काम एक-दोन वर्षांत उरकेल, अशीच सर्वांची समजूत असणार.

ते लंडनला गेलेले साताऱ्याचे पहिले वकील नव्हते. महाराजांनी सय्यद मीर अफजल अली आणि मीर करीम अली यांना आधीच पाठवले होते. नंतर यशवंतराव राजेशिर्के आणि भगवंतराव विठ्ठल हेही गेले. एकाच राजासाठी एक सय्यद, एक मराठा सरदार आणि एक प्रभू कारभारी परमुलखात झटत होते. हिंदुस्थानातील दरबारांचा मोठा पत्रव्यवहार तोपर्यंत फारसीतून चाललेला होता आणि साताऱ्याचे दप्तर मोडी लिपीत होते. लंडनमधील साहेबांना मात्र सारे काही इंग्रजीत हवे होते. त्यामुळे प्रत्येक कागदाचे भाषांतर करून घ्यावे लागे आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत.

सातारा आणि लंडन यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. कोळशाच्या धुराने काळवंडलेली घरे, रस्त्यावर गॅसचे दिवे, नुकत्याच सुरू झालेल्या आगगाड्या. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा आणि धुके असे दाटायचे की समोरचा माणूस दिसत नसे. १८४० मध्ये तेथे एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली. पत्रे लिहिणे हेच ज्यांचे काम, त्या आपल्या वकिलांच्या ती नक्कीच उपयोगी पडली असेल. पण साताऱ्याला किंवा काशीला पत्र पाठवायचे, तर उत्तर येईपर्यंत चार महिने जात. रंगो बापूजी एखादा प्रश्न उन्हाळ्यात विचारत आणि त्याचे उत्तर हिवाळ्यात वाचत.

कंपनीची कचेरी लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावर होती. कंपनीचे भांडवल ज्यांनी विकत घेतले होते, अशा भागधारकांची तेथे सभा भरे. पाचशे पौंडांचा भाग असेल तर सभेत बोलता येई आणि हजार पौंडांचा असेल तर मत देता येई. साताऱ्याच्या राजाला न्याय मिळाला की अन्याय झाला, हे असे लोक ठरवणार होते. त्यांतील बहुतेकांनी सातारा नकाशावरसुद्धा पाहिले नव्हते. या सभेत महाराजांचे गाऱ्हाणे मांडायचे तर एखादा भागधारकच उभा राहायला हवा होता. म्हणून सभेत बोलतील अशी माणसे शोधणे, त्यांना कागद दाखवणे, प्रकरण समजावून सांगणे हेच वकिलांचे काम झाले.

अशी माणसे मिळाली, हे विशेष. जॉर्ज थॉम्प्सन हे त्यांतील पहिले नाव. गुलामगिरी बंद व्हावी म्हणून गावोगाव व्याख्याने देणारा हा मोठा वक्ता होता. साताऱ्याच्या प्रकरणावर तो सभेत तासन्‌तास बोलला. पुढे तो हिंदुस्थानात आला, तेव्हा दिल्लीचे बादशहा बहादूरशहा जफर यांनीही आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी त्यालाच नेमले. उर्दूचे थोर शायर म्हणून तुम्हांला जफर माहीत आहेत. जफर आणि साताऱ्याचे महाराज या दोघांची बाजू इंग्लंडात एकच माणूस मांडत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे नाव जनरल लॉडविक यांचे. महाबळेश्वरला सहलीला गेलात तर लॉडविक पॉइंट पाहालच. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, तेच हे लॉडविक. आरोप झाले तेव्हा ते साताऱ्याचे रेसिडेंट होते आणि गुप्त चौकशीत स्वतः बसले होते. पुढे त्यांचे मत पालटले. महाराजांवर अन्याय झाला, असे ते लंडनच्या सभेत उघडपणे सांगू लागले. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम नावाच्या सभासदाने हा विषय पुन्हा पुन्हा काढला.

रंगो बापूजींनी एकेक आरोप घेऊन त्यावर कागद जमवले. एक महत्त्वाचा अर्ज गिरजाबाई नावाच्या बाईच्या नावाने सरकारकडे आला होता. तो बनावट होता, तो आपणच लिहिला, असे एका माणसाने पुढे कबूल केले. एवढे झाल्यावर तरी प्रकरण पुन्हा उघडायला हवे होते. पण कंपनीच्या संचालकांचे उत्तर ठरलेले असे. निकाल लागला आहे, आता चौकशी नाही. सभेत मते मोजली जात आणि प्रत्येक वेळी साताऱ्याची बाजू हरत असे.

हळूहळू सोबती परतले. काहींची प्रकृती बिघडली असेल, काहींचा धीर सुटला असेल. त्यांना दोष देता येणार नाही. रंगो बापूजी मात्र तेथेच राहिले. त्यांनी अर्जांमागून अर्ज केले. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष सर जॉन हॉबहाउस यांना लिहिलेली त्यांची पत्रे इंग्रजीत छापून वाटली गेली. छापखान्याचे पैसे, भाषांतराचे पैसे, घराचे भाडे, कोळसा, जेवण. काशीहून पैसे यायला वेळ लागे आणि आले तरी पुरे पडत नसत. कर्ज होऊ लागले. त्या काळी इंग्लंडात कर्ज बुडवणाऱ्याला तुरुंगात टाकत. हजारो कोसांवर, ओळखीचे कोणी नसताना, आज दार ठोठावणारा माणूस मदतीला आला आहे की पैसे मागायला, अशा धास्तीत दिवस काढणे सोपे नव्हते.

मग १८४७ साल आले. १४ ऑक्टोबरला प्रतापसिंह महाराज काशी येथे वारले. बातमी समुद्रमार्गे लंडनला पोहोचेपर्यंत आठवड्यांमागून आठवडे गेले. म्हणजे महाराज वारल्यानंतरही कितीतरी दिवस रंगो बापूजी त्यांच्या सुटकेसाठीच धडपडत होते. ज्यांनी पाठवले ते मालकच गेले. येथे दुसरा कोणीही असता तर सामान बांधून बोटीत बसला असता. पण महाराजांनी मृत्यूपूर्वी शाहू नावाच्या मुलाला दत्तक घेतले होते. त्याचा हक्क मिळवायचा, म्हणून रंगो बापूजी राहिले.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, एप्रिल १८४८ मध्ये, साताऱ्याचे राजे आप्पासाहेबही वारले. त्यांनीही दत्तक घेतला होता. तेव्हा लॉर्ड डलहौसी हे गव्हर्नर जनरल म्हणून नुकतेच आले होते. दत्तक नामंजूर, म्हणून राज्य खालसा, असा त्यांनी निकाल दिला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी याला विरोध केला होता, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. झाशी, नागपूर यांची पाळी नंतर आली. या रीतीने डलहौसींनी घेतलेले पहिले राज्य साताऱ्याचे होते.

आता राजा नव्हता, गादी नव्हती, राज्यही नव्हते. कागदोपत्री तर सातारकरांचा वकील हे पदच उरले नव्हते. तरी लंडनमध्ये सातारकरांचा वकील होता. १८५१ मध्ये त्या शहरात काचेच्या प्रचंड महालात जगभरच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. देशोदेशींची माणसे ते पाहायला आली. रंगो बापूजींचे लंडनमधले ते अकरावे-बारावे वर्ष होते.

१८५३ मध्ये कंपनीची सनद पार्लमेंटात पुन्हा मंजूर व्हायची होती. हिंदुस्थानातील कारभारावर त्या वर्षी पुष्कळ चर्चा झाली. काही होईल तर आताच, असे रंगो बापूजींना वाटले असेल. पण सनद मंजूर झाली आणि साताऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही. कर्ज तर एवढे झाले होते की देश सोडणेही कठीण होते. शेवटी कर्ज भागवण्यासाठी आणि परतीच्या प्रवासासाठी कंपनीनेच पैसे दिले. ज्यांच्याविरुद्ध चौदा वर्षे भांडलो, त्यांच्याच पैशाने घरी जायचे! हे पैसे हातात घेताना त्या माणसाला काय वाटले असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

याच सुमारास नानासाहेब पेशव्यांचे वकील अजीमुल्लाखान लंडनला गेले. नानासाहेबांचा तनखा कंपनीने बंद केला होता. अजीमुल्लाखान इंग्रजी आणि फ्रेंच उत्तम जाणत. त्यांचेही कोणी ऐकले नाही. लंडनमध्ये या दोघा वकिलांची भेट झाली, असे काही इतिहासकार लिहितात.

१८५३ च्या अखेरीस रंगो बापूजींनी लंडन सोडले. घरून निघताना लहान असलेला सीताराम आता मोठा झाला होता. सातारा शहर तेच होते, पण राजवाड्यात राजा नव्हता. कचेरीत इंग्रज अधिकारी बसत होते. प्रतापसिंह महाराजांच्या राण्या आणि दत्तकपुत्र शाहू हे साताऱ्यात राहत होते. चौदा वर्षांच्या खटपटीचा हिशेब द्यायचा तर त्यांच्यापुढे ठेवायला छापील कागदांखेरीज काय होते?

चौदा वर्षे अर्ज करणारा हा माणूस आता वेगळ्याच मार्गाला लागला. १८५७ च्या मे महिन्यात मीरतला शिपाई उठले आणि दिल्लीत बहादूरशहा जफर यांच्या नावाची द्वाही फिरली. साताऱ्यातही गुप्त तयारी चालली होती. माणसे जमवायची, खजिना ताब्यात घ्यायचा, तुरुंग फोडून कैदी सोडवायचे असा बेत होता. त्यामागे रंगो बापूजी होते. पण बेत पार पडण्यापूर्वीच सरकारला सुगावा लागला. जूनमध्ये धरपकड सुरू झाली. ऑगस्टमध्ये शाहू आणि राण्यांना साताऱ्यातून उचलून मुंबईजवळच्या बेटावर ठेवण्यात आले आणि नंतर कराचीला पाठवण्यात आले.

८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. पाच जणांना फाशी दिले, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले आणि सहा जणांना गोळ्या घातल्या. फाशी दिलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. वडील विलायतेत असताना त्यांच्यावाचून वाढलेला तो मुलगा त्यांच्यासोबत जेमतेम साडेतीन वर्षे राहिला होता. गेंडामाळावर त्या जागी आज स्मारक आहे.

रंगो बापूजी मात्र सापडले नाहीत. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले. वाटा रोखल्या, गावोगाव शोध घेतला. ते ठाण्याला एका नातेवाइकाच्या लग्नात आले होते, तेथे पोलिसांनी घराला वेढा घातला आणि ते वेष पालटून निसटले, अशी गोष्ट सांगतात. ठाण्यात त्यांच्या नावाचा एक चौक आहे.

पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपला. लेडनहॉल रस्त्यावरची ती मोठी कचेरी थोड्याच वर्षांत पाडण्यात आली. रंगो बापूजींनी तेथे दिलेले अर्ज आणि साताऱ्याविषयी छापलेली पुस्तके लंडनमध्ये अजून जपून ठेवलेली आहेत. ठाण्यानंतर रंगो बापूजी कोठे गेले आणि केव्हा वारले, याची मात्र सरकारी दप्तरात नोंद नाही.